एकदाच लागलेला नेम

माझा डावा डोळा एकटा मिटत नाही. उजवाही नाही. मिटले तर दोन्ही मिटतात, नाहीतर दोन्ही टकटक उघडे. या उणिवेनं आजवर माझं काही अडलं नव्हतं. शाळेत नाही, लग्नात नाही, बाळंतपणात तर नाहीच. पण मिरचीचं पिस्तूल घरात आलं त्या दिवशी ग्यानबाकाकांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं माझ्या नवऱ्याला बाजूला नेलं.

"संघदीप, पोरीचा डोळा मिटत नाई. नेम कसा धरन थे?"

"बाकी तब्येत चांगली आहे काका," संघदीप म्हणाला.

पिस्तूल खरं नव्हतं, हे आधीच सांगते, नाहीतर माझ्या आईला धाप लागेल. लाल प्लास्टिकचं, मुठीत मावणारं, चाप दाबला की मिरचीच्या पाण्याची धार सोडणारं. धार चोराच्या डोळ्यात गेली की चोर जागीच बसतो आणि बाई पळते, असं खोक्यावर चित्र होतं. चित्रातल्या बाईच्या खांद्याला नाजूक पर्स होती. माझ्या कडेवर उत्पला असते. ते चित्र काढणाऱ्याला मूलबाळ नसावं.

आमचं लेआउट मालेगावच्या बाहेर, वाशीम रस्त्याला. घरं कमी, प्लॉट जास्त, आणि प्लॉटांपेक्षा लेआउटच्या ग्रुपवरचे मेसेज जास्त. संघदीप बँकेत आहे. त्याची शाखा लांब पडते, म्हणून तो शनिवारी येतो आणि सोमवारी उजाडायच्या आत जातो. मधल्या दिवसांत मी, उत्पला आणि तो ग्रुप. ग्रुपवर रोज एक टोळी येई. कधी चादरी विकणारी, कधी पत्ता विचारणारी, कधी अंगाला तेल लावलेली. लेआउटचे अध्यक्ष प्रत्येक टोळीखाली 'सावध राहा' आणि एक गुलाबाचं फूल टाकत. आजवर एकही टोळी आमच्याकडे फिरकली नव्हती. बसस्टॉपपासून चालत येणं त्यांनाही जिवावर येत असावं. पण उत्पला कुशीत असली की मला खिडकीच्या काचेवर पालीची सावलीसुद्धा माणसाएवढी दिसे.

तर पिस्तूल मागवलं. कुरियरवाल्याचा फोन आला, "मॅडम, तुमचं लेआउट नकाशात नाई. शेत दाखवून राह्यलं."

"शेत नाही हो, घर आहे. मी घरातूनच बोलतेय."

"तुमी बोलता थे ठीक. पण नकाशा शेत म्हनते."

नकाशापुढे माझं काही चाललं नाही. पोरीला घेऊन जाऊन मीच पार्सल आणलं. मग लायसन लागतं का ते विचारायला एका ठाण्यात गेले. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथल्या जमादारांनी उत्पलाला बिस्कीट दिलं होतं. ते म्हणाले, "मिरचीले कायचं लायसन? पण दिसाले पिस्तूल दिसते, तं अर्ज देऊन ठेवा. कोनावर चालवणार थे लिहा."

"चोरावर."

"नाव?"

"चोराचं?"

"हाव मंग. माहं लिहान का?"

शेवटी 'अज्ञात इसम' लिहून सुटका झाली. तो अज्ञात इसम कोण निघणार हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही.

आता नेम. नेम ही गोष्ट इतकी वादग्रस्त असेल असं मला वाटलं नव्हतं. ग्यानबाकाका समोरच्या घरात राहतात, राज्य राखीव दलातून निवृत्त. त्यांची शिकवण अशी: पिस्तुलाच्या टोकाला उंचवटा असतो, त्याला माशी म्हणायचं. एक डोळा मिटायचा, दुसऱ्यानं माशीकडे बघायचं, श्वास रोखायचा आणि चाप ओढायचा नाही, दाबायचा. पिकला की नाही बघायला आंबा दाबतो तसा. "माशी साफ दिसली पायजे पोरी. बाकी दुनिया धुसर झाली तरी चालन."

संघदीपनं मोबाइलवर व्हिडिओ बघून वेगळी शिकवण आणली होती. जवळचा हल्ला असेल तर माशीबिशी बघायला वेळ नसतो. दोन्ही डोळे उघडे, नजर समोरच्या माणसावर, दोन्ही हातांची मूठ छातीपासून सरळ पुढे. बोट दाखवावं तसं पिस्तूल दाखवायचं. "आणि आधी बघायचं, की समोर कोण आहे," हेही त्या व्हिडिओत होतं, असं तो आता म्हणतो. मला आठवत नाही. तेव्हा उत्पला रडत असेल.

लेआउटमध्ये दोन तट पडले. एका डोळ्याचे आणि दोन डोळ्यांचे. माझ्या डोळ्यांनी कौल दिला होता, तरी काका माघार घेईनात. त्यांनी नवी तपासणी काढली: दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांचा त्रिकोण करायचा, त्यातून लांबची वस्तू बघायची आणि आळीपाळीनं एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो डोळा मालक, दुसरा नोकर. पुढे कितीतरी दिवस आमच्या लेआउटमध्ये माणसं पाण्याच्या टाकीकडे तोंड करून हातांचे त्रिकोण धरून उभी असत. काकांच्या घरच्या रुख्मिणीकाकूंचा डावा डोळा मालक निघाला. इतकी वर्षं पोळी एका अंगानं जाड का होते याचं कारण त्यांना सापडलं आणि त्या दिवसापासून काकांनी पोळीबद्दल बोलणं सोडलं.

मला खरी अडचण उभं राहण्याची होती. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे सैल सोडा, दोन्ही हातांनी धरा. ठीक. आणि पोरगी कोण धरील? ती खाली ठेवली की रडते, कडेवर घेतली की पिस्तूल तोंडात घालते. मी कंबर वाकडी करून, एका हातात पोर आणि एका हातात पिस्तूल, अशी माझी स्वतःची पद्धत बसवली. पिस्तुलात बसवायला, सरावापुरती साध्या पाण्याची वेगळी नळी मिळाली होती. कुंपणाच्या भिंतीवर तेलाचा रिकामा डबा ठेवून मी रोज धार मारायची. डबा शेवटपर्यंत कोरडा राहिला. संघदीपचा बँकेचा शर्ट भिजला, काकूंच्या गच्चीतल्या कुरडया भिजल्या, खांबावरचा कावळा भिजला.

आणि रंजीता भिजली.

रंजीता भिंतीपलीकडची. तिचा नवरा किशन कृषी खात्यात आहे आणि तिचा राजपाल आमच्या उत्पलाच्या मागोमाग जन्मला. आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना एकाच सुमारास ओकत होतो. मैत्रीची याहून पक्की पायाभरणी मला तरी माहीत नाही. तिला दूध आलं नाही त्या दिवसांत राजपाल माझ्याकडे प्यायला आहे, आणि मला ताप असताना उत्पला तिच्याकडे.

तोंड पुसत ती म्हणाली, "काय वं मंजू, चोर येईन तवा येईन, मले काहून मारून राह्यली?"

"इकडे नको ना उभी राहू."

"माहं अंगन हाये बाप्पा! बरं ऐक. धुळवडीले राजपालचा धुंड हाये. इथंच करतो."

धुंड म्हणजे त्यांच्या बंजारा समाजात मुलाच्या पहिल्या होळीला करतात तो सोहळा, एवढं मला माहीत होतं. ती भिंतीवर कोपर टेकून सांगत होती. सासरे फुलसिंग तांड्यातच करायचं म्हणत होते. शिरपूरच्या पुढे त्यांचा तांडा आहे. कॉलनीत कोण आपलं, असं त्यांचं म्हणणं. ही अडून बसली. "म्या म्हटलं, बा, थो तांडा तसा हा बी तांडा. इथं माहे लोक हायेत. एकदा पाहा तं खरं. लय मुश्किलीनं तयार झाले, मंजू. आता इथं सगळं नीट झालं पायजे बरं, नाई तं जल्मभर आयकवतीन मले."

एवढं मी नीट ऐकलं. पुढेही ती बराच वेळ सांगत होती: कोण येतं, काय करतात, बायांनी काय करायचं, मी काय करायचं. पण तेवढ्यात मला माशी डब्यावर जुळल्यासारखी वाटली. "हो, हो," मी म्हणत होते. "येते ना. लवकर येते." आणि चाप दाबला. धार कुरडयांवर गेली, काकू गच्चीतून ओरडल्या, आणि रंजीताचं सांगणं तिथंच राहिलं.

आता ते आठवायचा मी किती प्रयत्न करते. तिचे ओठ हलताना दिसतात. शब्द येत नाहीत.

धुळवडीच्या आदल्या दिवशी उत्पलाला दाताचा ताप होता. रात्रभर जागून धुळवडीच्या सकाळी ती झोपली आणि तिच्याबरोबर मीही. लवकर जायचं होतं ते राहूनच गेलं. संघदीप सुटीवर होता. रंग लागायच्या आधी डोक्याला तेल लावून घ्यावं असं कोणीतरी सांगितलं होतं, ते तेल जास्त झालं म्हणून तो न्हाणीघरात डोकं धूत होता. मी जागी झाले ती बाईच्या किंकाळीनं. किंकाळी रंजीताची.

खिडकीतून पाहिलं. तिच्या अंगणात तोंडाला काळं फासलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, हातात काठ्या घेतलेले पुरुष. अंगणात खुंट रोवला होता, त्याला भांडं बांधलं होतं आणि ते पुरुष त्या भांड्यावर तुटून पडले होते. रंजीता केस सुटलेली, हातात काठी, ओरडत त्यांना हाणत होती. आणखी दोन बाया हाणत होत्या. ओसरीत तिची सासू नानीबाई बसली होती, तिच्या मांडीवर राजपाल, आणि राजपालच्या डोक्यावर दोघांनी एक काठी आडवी धरलेली. बाकीचे त्या काठीवर काठ्या आपटत होते.

डफ वाजत होता. डफ वाजवत चोरी करायला कोण येतं, हे मला नंतर सगळ्यांनी विचारलं. जमादारांनी तर फोन करून विचारलं. मला डफ ऐकू आला होता हो. पण काठीखाली राजपाल होता. माझं दूध प्यालेलं पोर होतं.

पिस्तुलात मिरचीची नळी होती. मी बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही हात मोकळे होते. पाय खांद्याइतके. गुडघे सैल. दोन्ही डोळे उघडे, त्याला इलाजच नव्हता. मूठ छातीपासून सरळ पुढे. समोरच्या गच्चीतून काका ओरडले, "श्वास रोख पोरी!" मी रोखला. चाप ओढला नाही, आंब्यासारखा दाबला.

इतकी सुंदर धार मी कधी सोडली नव्हती. भिंतीवरून सरळ, न फाटता गेली आणि भांड्याला हात घातलेल्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांच्या मध्ये बसली. तो "आई वं!" करून खाली बसला, खोक्यावरच्या चित्रासारखा. मी दुसरी सोडली. तिसरी वाऱ्यानं उडवली आणि अंगणभर केली. बाया खोकायला लागल्या, डफ थांबला. लाल फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ खांबाला धरून खोकत राहिले. नानीबाईनं राजपालला ओढणीखाली घेतलं आणि वयाला न शोभेल इतक्या चपळाईनं घरात नेलं. पोराला काही झालं नाही. हे मी नंतर दहा जणांना दहादा विचारून घेतलं आहे.

डोळे चोळत रंजीता भिंतीपाशी आली. तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंजू? तू?"

मी म्हणाले, "चोर ना गं..."

"माहा दीर हाये थो. मोहनसिंग. गेरिया हायेत थे सारे, होळीचे खेळगडी. पोराच्या डोक्यावर काठ्या वाजवून आशीर्वाद देतेत. गेरियायनं भांडं पळवाचं अन् बायायनं काठीनं हानाचं, असा खेळच राह्यते. तुले सांगलं होतं ना वं म्या. तू बी माह्या संगं काठी घेऊन उभी राहाची होती."

संघदीप डोक्याचा फेस तसाच घेऊन धावत आला. बादल्या आल्या, ताक आलं, दूध आलं. मोहनसिंगचं तोंड मी धुवायला गेले तर तो दोन पावलं मागे सरला. मला वाटलं, चिडला. चिडला नव्हता, पिस्तूल अजून माझ्या हातातच होतं.

तरी निभावलं असतं, असं मला अजून वाटतं. मिरची उतरते. माणसं हसतात. पण तेवढ्यात अध्यक्ष आले. स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, कानाला एकच गुलाबी ठिपका. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "शाबास मॅडम! अशा लोकांना असंच पाहिजे. सण असेल तुमचा, म्हणून काय कॉलनीत काठ्या घेऊन नाचायचं? तुमचा सत्कार करू आपण."

गेल्या चौदा एप्रिलला जयंतीची आमची मिरवणूक या गल्लीतून गेली, तेव्हा याच माणसानं खिडकी लावून घेतलेली मी पाहिली होती. गल्लीतल्या बऱ्याच खिडक्या लागल्या होत्या. एकटी रंजीता पोटुशी असताना गेटाशी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. आणि आज तो मला शाबास म्हणत होता, तिच्यादेखत. मी पिस्तूल पाठीमागे लपवलं आणि खोकत राहिले, गरजेपेक्षा थोडी जास्तच.

खोकला थांबल्यावर ते लाल फेट्याचे गृहस्थ पुढे आले. तेच फुलसिंग. अध्यक्षांना आणि मला ओलांडून ते रंजीताकडे गेले. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चाल बेटा. आपल्या तांड्यात जागा हाये."

खुंट उपटला. भांडं, त्यातले गोड गुलगुले, डफ, पोर, सगळं जीपमध्ये गेलं. धुंड पहिल्याच होळीला होतो, दुसऱ्या होळीला होत नाही. तो दुपारी तांड्यात झाला म्हणे. माझ्याशिवाय.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला: 'महिला शक्तीला सलाम! संशयितांना पिटाळले!' आणि गुलाब. त्या ग्रुपवर रंजीताही आहे. मी लिहिलं, 'संशयित नव्हते. आपल्या शेजाऱ्यांचे पाहुणे होते. चूक माझी आहे.' त्याखाली अध्यक्षांनी हात जोडले आणि आणखी एक गुलाब टाकला. त्या माणसाकडे गुलाबांची बागच आहे.

काका 'श्वास रोख' म्हणालेच नव्हते म्हणे. 'पोरी थांब' म्हणाले होते. काकूंना ते सहन झालं नाही. "काय थांब? यायनं नोकरीभर बँडात क्लॅरिनेट वाजवली मंजू, बंदुकीले हात लावला नाई. श्वास रोखाचं तेवढं शिकले तिथं." काका घरात निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस टाकीकडे त्रिकोण धरून कोणी उभं राहिलं नाही. पिस्तूल परत पाठवायला गेले तर वापरलेला माल घेत नाही म्हणाले. आता ते माळ्यावर आहे, नळीशिवाय.

रंजीता तांड्यातच राहिली. किशन सकाळी जाई, अंधार पडता येई, गेटाशी भेटला तर "बरं हाये ना ताई" एवढं म्हणे. मी फोन केले. वाजत राहिले. मग माफी मागायला जायचं ठरवलं आणि त्यावरही सल्ले आले. काकू म्हणाल्या, लुगडं-चोळी ने. अध्यक्ष म्हणाले, जाऊच नका, शेफारतील. संघदीप म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, नको, धार मी सोडली होती.

शिरपूरची बस घेतली. देवळात जाणाऱ्या यात्रेकरूंनी भरलेली. माझ्या मांडीवर उत्पला, पायाशी लाडवांचा डबा. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "दर्शनाले का?" मी हो म्हणाले. काय सांगणार?

तांड्याच्या तोंडाशीच पोरी खेळत होत्या. काय खेळतात ते मला लगेच कळलं. एक पोरगी पाय फाकवून, गुडघे सैल सोडून, दोन्ही मुठी छातीपासून पुढे काढून उभी होती. ती "फुस्स" करी आणि बाकीच्या डोळे धरून धुळीत लोळत, खोकत, "आई वं!" ओरडत. तिचं उभं राहणं माझ्याहून चांगलं होतं. मला बघून ती म्हणाली, "तुमाले कोनाच्या घरी जाचं?" मी घर विचारलं. ती पिस्तुलाच्या मुठी तशाच धरून मला पोचवायला आली.

आणि तिथं मला कोणी रागावलं नाही. शिव्या मिळतील म्हणून मन घट्ट करून गेले होते, तर मोहनसिंग हसत बाहेर आला. "आल्या! वहिनी, नेम जबरा हाये तुमचा. पोलीस भरतीत जा." फुलसिंगांनी बाज झटकून दिली, चहा मागवला. मी हात जोडून सगळं बोलायला लागले तर म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या. तुमाले कसं माहीत असन?"

ते मायेनं म्हणाले. पण मला ते चहाबरोबर गिळता येईना. त्यांनी इतक्या सहज सोडून दिलं, कारण आमच्या कॉलनीकडून त्यांना कधी काही नकोच होतं. ज्या एकटीला हवं होतं, ती आतल्या घरात भाकरी थापत होती. दारातून तिचा खांदा दिसत होता. थप थप थप. मी होते तोवर ती थापत राहिली. एवढ्या भाकरी खाणारं त्या घरात कोणी नव्हतं.

निघताना नानीबाईनं मला थांबवलं. पेटी उघडली आणि आतून एक इवलासा फेटिया काढला. त्यांच्याकडे बायका घालतात तो आरशांचा घागरा, पण वीतभराचा. लाल, निळा, कडेला कवड्या.

"हे तुह्या पोरीचं."

मला कळलं नाही.

"पोरीचा धुंड आमी करत नाई, बाई. पन रंजीता म्हने, दोघं संगंच पैदा झाले, संगंच बसवू. म्हातारा लय भडकला. पोरगी, अन् थे बी दुसऱ्या समाजाची! रंजीता जेवली नाई तवा थो कबूल झाला. माह्या एका मांडीवर राजपाल, अन् एक मांडी मोकळी ठेवली होती. तू येऊन राह्यलीच म्हने थे. वाट पाहून राह्यलो होतो आमी."

म्हणजे ते सगळं पाहिलं तेव्हा मी काय पाहिलं होतं? काठी पाहिली, काळी तोंडं पाहिली. म्हातारीची एक मांडी मोकळी होती, ती दिसली नाही. माझी पोरगी तिथं बसायची होती.

बसमध्ये उत्पला फेटियाचे आरसे चोखत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तीच म्हातारी परतीला भेटली. म्हणाली, "चांगलं दर्शन झालेलं दिसते."

काल रंजीता परत आली. किशनची जीप थांबलेली ऐकली. मी बाहेर गेले नाही. काय घेऊन जाणार? लाडवांचा डबाही तांड्यातच राहिला होता. आज सकाळी मी उत्पलाला फेटिया घातला. कोणाला दाखवायला असं नाही. म्हणजे, तसंच, पण ते मी मलाही सांगितलं नव्हतं.

ती नुकती पावलं टाकायला लागली आहे. गेट उघडं होतं. भिंतीला धरून धरून, आरसे चमकवत, ती सरळ पलीकडच्या गेटाकडे निघाली. तिथं रंजीता राजपालला कडेवर घेऊन भाजीवाल्याची वाट बघत होती. वाटेतच नाडा सुटला, फेटिया पायात आला आणि पोरगी बदकन बसली. मी धावले, पण रंजीता जवळ होती. तिनं राजपालला कमरेवर सरकवलं, खाली वाकली, पोरीला उभं केलं, फेटिया वर ओढला, आणि नाडा दोनदा फिरवून एका हातानं, दातांत टोक धरून, गाठ मारली.

"कोनं बांधला वं असा?" तिनं उत्पलाला विचारलं.

"मी," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. गाठ एकदा ओढून बघितली, पोरीचे केस कानामागे केले, आणि भाजी न घेताच आत गेली.

आता दुपार आहे. उत्पला माझ्या शेजारी झोपली आहे, फेटिया घालूनच. काढायला गेले तर ती गाठ मला सुटेना. नखांनी पाहिलं, दातांनी पाहिलं. कोणत्या पद्धतीची आहे कोण जाणे. कात्री हातात घेतली होती, ठेवून दिली. कवड्या तिच्या पोटाला रुततात, कूस बदलताना ती कुरकुरते.

उठली की तिला तिकडेच घेऊन जाते. सोडव म्हणते.